दोन वर्षं ऑनलाइन डिग्री केली: ५ पैकी साडेतीन स्टार, आणि ते का ते सांगते

दोन वर्षांचं ऑनलाइन मास्टर्स गेल्या महिन्यात संपलं एकदाचं. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण येणारेत आणि मला कुणाशी भांडण काढायचं नाहीये. त्याच्या आधी तीन-चार वर्षांत वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून अकरा सर्टिफिकेट कोर्स केले, म्हणजे सुरू सव्वीस केले होते, पूर्ण अकरा झाले, बाकीचे पंधरा अजून डॅशबोर्डवर ताटकळत बसलेत. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कोर्सचा नाही, या सगळ्या प्रकाराचाच आहे असं समजा.

ओळखीतले सगळे एकच विचारतात, "पण ते चालतं का गं?" शिकायला काय मिळालं असं एकानेही विचारलेलं नाही. चालतं का, एवढंच.

माझ्या पहिल्या सर्टिफिकेटपासून सांगते म्हणजे कळेल हा प्रश्न लोकांना का पडतो ते. डेटा अ‍ॅनालिसिसचा सहा आठवड्यांचा कोर्स होता, मी तो शनिवार-रविवारात उरकला. व्हिडिओ दुप्पट स्पीडवर लावायचा, आवाज बंद, एकीकडे कपड्यांच्या घड्या चाललेल्या. शेवटी क्विझ, चार पर्याय, चुकलं तर परत द्या, कितीही वेळा द्या, आणि चुकलं की तोच सांगतो कुठला व्हिडिओ परत बघा म्हणून. एका प्रश्नाला मी चारही पर्याय ओळीने दाबले, चौथा बरोबर निघाला. रविवारी रात्री सर्टिफिकेट आलं, छान बॉर्डर, खाली एका प्रोफेसरांची सही, ज्यांना मी या जगात आहे हेही माहीत नाही. लिंक्डइनवर टाकलं. धडाधड अभिनंदनं आली. आणि पंधरा दिवसांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तू तो कोर्स केलायस ना, मग सांग बरं या आकड्यांत हा जो संबंध दिसतोय तो खरा की योगायोग? मी पाणी प्यायले. दुसरं काही सुचलंच नाही.

आता मास्टर्सचं. पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्समध्ये मी नापास झाले. चक्क नापास, पन्नासला पासिंग आणि मला एक्केचाळीस. असाइनमेंट परत आली तेव्हा प्रत्येक पानावर कॉमेंट होत्या. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की तुमचं उत्तर बरोबर आहे पण तुम्ही दिलेल्या कारणावरून ते येत नाही, म्हणजे एक तर कुठून तरी उचललंय किंवा नशिबाने जमलंय, दोन्हींपैकी काय ते तुम्हीच ठरवा आणि परत लिहून पाठवा. मला इतका राग आला! दोन दिवस पोर्टल उघडलं नाही. मग लक्षात आलं की अरे, हे कुणीतरी वाचलंय. माणसाने वाचलंय, शेवटपर्यंत, आणि नशिबाने जमलं होतं हे त्याला कळलं पण (खरंच नशिबाने जमलं होतं). तेवढ्या एका दिवसात माझा त्या डिग्रीवर जेवढा विश्वास बसला तेवढा ब्रोशर वाचून बसला नव्हता.

म्हणून आता मला कुणी विचारलं की अमका कोर्स घेऊ का, तर मी आधी एवढंच विचारते, त्यात नापास होता येतं का? लोकांना वाटतं मी टोमणा मारतेय.

लोकांना वाटतं हे सगळं इंटरनेटने आणलं, पण तसं नाहीये. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, पत्र पाठवणं स्वस्त झालं, तेव्हा आयझॅक पिटमन नावाचा माणूस पोस्टाने शॉर्टहँड शिकवायला लागला. विद्यार्थी लिहून पाठवायचे, तो चुका काढून परत पाठवायचा. म्हणजे नुसता धडा पाठवणं हे काम नव्हतंच, तपासून परत पाठवणं हे काम होतं. पुढे १८५८ मध्ये लंडन युनिव्हर्सिटीने ठरवलं की तुम्ही कुठे शिकलात, कसे शिकलात याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही, आमच्या परीक्षेला बसा, पास झालात तर डिग्री आमची. विश्वास कशावर? परीक्षेवर. नेल्सन मंडेलांची कायद्याची पदवी पण अशीच, कैदेत असताना पोस्टाने अभ्यास करून १९८९ मध्ये युनिसा म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिकेतून मिळवलेली. ती चालते का, असं विचारायची कुणाची टाप आहे का बघा.

आणि 'हे काय शिक्षण झालं का' हे पण जुनंच. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी निघायची होती तेव्हा इयन मॅक्लाउड नावाच्या तिथल्या बड्या राजकारण्याने ही कल्पना म्हणजे निव्वळ बडबड आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. १९६९ मध्ये स्थापना झाली, १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी बसले, प्रवेशाला आधीची कुठलीच पात्रता लागायची नाही. सगळ्यांना आठवतं ते बीबीसीवरचे लेक्चर, पण मला वाटतं ती युनिव्हर्सिटी टिकली ती घरी येणाऱ्या तपासलेल्या असाइनमेंटवर. प्रत्येक विद्यार्थ्याला ट्यूटर होता, तो लिहून कळवायचा कुठे चुकलं ते. टीव्ही बघून कुणी ग्रॅज्युएट होत नाही, तेव्हाही नाही आणि आता यूट्यूब बघूनही नाही.

मग ही एवढी लाट कुठून आली? २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्यांना फुकट उघडा केला, एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं, आणि सगळ्यांचे डोळे फिरले. लगेच २०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स आणि थ्रन यांचीच उडॅसिटी, हे ऑनलाइन कोर्सचे प्लॅटफॉर्म सगळे एका वर्षात पुढे आले, न्यूयॉर्क टाइम्सने ते वर्षच या मोफत कोर्सेसचं म्हणून जाहीर केलं, आता कॉलेजं बंद पडणार अशी भाकितं झाली. पण त्या पहिल्या कोर्सचंच बघा, शेवटपर्यंत पोचले वीस हजारांच्या थोडं वर. फुकटाच्या मानाने ते खूपच चांगलं होतं असं नंतर कळलं.

कारण नंतरचे आकडे बघा. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसची सहा वर्षांची माहिती घेऊन २०१९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. नाव नोंदवणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक कोर्सच्या दारात पाऊलच टाकत नाहीत. २०१७-१८ मध्ये सगळे धरले तर पूर्ण करणारे तीन टक्क्यांच्या जरासे वर. पण ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले त्यांच्यात ४६ टक्के! म्हणजे खिशाला चाट बसली की माणूस अभ्यासाला बसतो. माझे सव्वीसपैकी अकरा, तेव्हा मी स्वतःला आळशी समजत होते, हा अभ्यास वाचल्यापासून मान ताठ करून फिरते.

आणि एक गंमत. २०१३ मध्ये उडॅसिटी आणि सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने मिळून गणितात कच्च्या असलेल्या मुलांसाठी वगैरे ऑनलाइन कोर्स काढले, पहिल्या सेमिस्टरचे निकाल इतके वाईट आले की प्रयोग थांबवावा लागला. त्याच वर्षी थ्रन स्वतःच एका मुलाखतीत म्हणाले की आमचं प्रॉडक्ट फालतू आहे. मालकानेच एक स्टार दिला म्हटल्यावर आम्ही रिव्ह्यूवाल्यांनी काय लिहायचं! पण त्यातलं खरं दुखणं असं की ज्या मुलांना सगळ्यात जास्त आधार लागतो त्यांनाच एकटं लॅपटॉपसमोर बसवलं. ज्याला आधीच अभ्यासाची सवय आहे त्याला ऑनलाइन काहीही द्या, तो शिकतो. तो तर लायब्ररीतसुद्धा शिकला असता.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण पण देते, नाहीतर मी नुसती किरकिर करतेय असं वाटेल. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक युनिव्हर्सिटीने २०१४ च्या जानेवारीत कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स पूर्ण ऑनलाइन सुरू केलं, कॅम्पसवरच्या फीच्या मानाने अगदी कमी फीत. डिग्रीवर ऑनलाइन असा शब्दच नाही, कॅम्पसवाल्यांना मिळते तीच. लोकांना भीती होती की आता कॅम्पसवर कोण जाईल, पण अर्थतज्ज्ञांनी अर्ज तपासून बघितले तर दोन्हीकडचे अर्जदारच वेगळे. कॅम्पसला साधारण चोविशीतली, नुकतीच पदवी झालेली मुलं, आणि ऑनलाइनला चौतिशीतले नोकरी करणारे. म्हणजे कुणाची जागा कुणी घेतली नाही, ज्यांनी एरवी मास्टर्स केलंच नसतं ते आले. चौतिशी वाचून मला फार बरं वाटलं, मी पण त्यातलीच.

आता फसवणूक. २००४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसने एका ऑनलाइन 'युनिव्हर्सिटी'ची परीक्षा घ्यायची ठरवली आणि चक्क एका मांजराच्या नावाने अर्ज केला. कोल्बी नाव त्याचं. अर्ज बॅचलर्ससाठी होता, पण अनुभव बघता तुम्ही एमबीएला पात्र आहात असं युनिव्हर्सिटीनेच कळवलं, आणि एमबीए मिळालं, मार्कशीटसकट, मार्क पण चांगले. खोटं वाटेल पण हे खरंय. २०१५ मध्ये तर न्यूयॉर्क टाइम्सने कराचीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं, तिनशे सत्तरच्या आसपास वेबसाइट, प्रत्येकीवर वेगळ्या कॉलेजचं नाव, हिरवळ, हसरे प्रोफेसर, आणि ते प्रोफेसर पैसे देऊन आणलेले नट. आणि अशा लोकांचं डोकं बघा, नुसती खोटी युनिव्हर्सिटी काढत नाहीत, तिला मान्यता देणारी खोटी संस्थाही काढतात. त्यामुळे वेबसाइटवर 'मान्यताप्राप्त' लिहिलंय आणि खाली लिंक आहे म्हणून त्या लिंकवर जाऊ नका. आपल्या देशात उच्च शिक्षणाला मान्यता देणारी जी सरकारी यंत्रणा असेल तिची यादी स्वतः शोधून उघडा आणि तिथे नाव बघा, आणि नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव नाही, तो कोर्स ऑनलाइन चालवायची परवानगी आहे का ते पण. मी हे केलं, वीस मिनिटं लागली, आणि तीन नावं यादीतून गळली. त्यातल्या एकाची जाहिरात मला आजही रोज दिसते.

नोकरीत चालतं का? इथे मी गोड बोलणार नाही. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी खोटे बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवून बघितले, २०१६ मध्ये ते छापून आलं. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची बिझनेसची पदवी लिहिली की, साध्या सरकारी कॉलेजच्या पदवीपेक्षा, फोन येण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी. इथे नीट वाचा, नफ्यासाठी चालणारी हे त्यातलं महत्त्वाचं. नावाजलेल्या युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डिग्री वेगळी आणि जिचं नाव फक्त जाहिरातीतच ऐकलंय तिची वेगळी. माझ्या दोन इंटरव्ह्यू झाल्या मधल्या काळात. एकात बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "रेग्युलर की डिस्टन्स?" मी डिस्टन्स म्हटलं, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचे प्रश्न फार पटापट झाले. दुसऱ्यात त्या माणसाने विचारलं की प्रोजेक्ट कुठला केला, मग दाखव म्हणाला, मी लॅपटॉप उघडला आणि पाऊण तास आम्ही माझ्या चुका काढत बसलो. ती नोकरी मिळाली. डिग्री होती म्हणून अर्ज पुढे सरकला असेलही, पण नोकरी प्रोजेक्टने दिली.

परीक्षेबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त शिव्या मी तिथे दिल्यात. वेबकॅम लावून परीक्षा. आधी ओळखपत्र दाखवा, मग लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवा, टेबलाखाली दाखवा, भिंत दाखवा, कान दाखवा. मग सॉफ्टवेअर बघत बसतं. मला विचार करताना वर छताकडे बघायची सवय आहे, लहानपणापासून, तर पहिल्या परीक्षेत सात वेळा फ्लॅग लागला संशयास्पद हालचाल म्हणून. मेल लिहून सांगावं लागलं की छतावर काही लिहिलेलं नाही. एकदा इंटरनेट चार मिनिटं गेलं तर पेपरच बंद, परत द्यायला अकरा दिवस थांबा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टाने क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात असं परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली स्कॅन करणं घटनेला धरून नाही म्हणून सांगितलं, ती बातमी मी आमच्या ग्रुपवर टाकली तर सगळ्यांनी नुसत्या टाळ्या. पण मग प्रश्न राहतोच ना, खोली बघायची नाही तर कॉपी पकडायची कशी? आणि पकडली नाही तर आमच्या मार्कांना विचारतो कोण? मला याचं उत्तर आमच्या एका सरांनी दिलं, म्हणजे तोंडाने नाही, कृतीने. त्यांनी लेखी परीक्षा काढूनच टाकली. प्रत्येकाला पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलवर, तुम्हीच दिलेली असाइनमेंट समोर, आणि "ही ओळ का लिहिली?" बस. छताकडे बघायचं तेवढं बघा. त्या पंधरा मिनिटांत मला जेवढा घाम फुटला तेवढा तीन तासांच्या पेपरला कधी फुटला नव्हता.

आणि २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आल्यापासून तर घरी करून पाठवायच्या असाइनमेंटचं काय सांगू. आमच्या डिस्कशन फोरमवर दर आठवड्याला एक पोस्ट आणि दोन जणांना उत्तर सक्तीचं होतं. आधीही तिथे 'छान मुद्दा, मी सहमत आहे' एवढंच चालायचं, पण निदान ते माणसाने टाइप केलेलं असायचं. दुसऱ्या वर्षी सगळ्यांची पोस्ट एकाच सुरात यायला लागली, एकाच लांबीचे परिच्छेद, शेवटी एक विचार करायला लावणारा प्रश्न. मशीनने पोस्ट लिहायची, मशीनने उत्तर द्यायचं आणि आम्ही सगळे मधे फी भरणारे. फोरमला माझ्याकडून शून्य.

पिअर ग्रेडिंगलाही फार काही नाही, म्हणजे आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांनी आपलं काम तपासायचं. मला एकाने शंभरपैकी शंभर दिले आणि दुसऱ्याने त्याच कामाला दहा, आणि कारण काय तर "गुड".

सेल्सच्या फोनचा एक वेगळाच वैताग. फॉर्ममध्ये नंबर टाकला त्या दिवशी नऊ फोन. "मॅडम, सीट भरत आल्यात, आज शेवटचा दिवस." अहो, ऑनलाइन कोर्सला सीट? खुर्च्या संपल्या का तुमच्या? नंतर कळलं की हा 'काउन्सेलर' युनिव्हर्सिटीचा नव्हताच, मधल्या कंपनीचा होता. मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांचे ऑनलाइन कोर्स बरेचदा अशा कंपन्या चालवतात, जाहिरात करणं, विद्यार्थी आणणं, प्लॅटफॉर्म सांभाळणं हे सगळं त्यांचं आणि बदल्यात फीचा मोठा हिस्सा त्यांचा, कधी निम्म्याहून जास्त. टूयू हे त्यातलं मोठं नाव, २०२१ मध्ये ऐंशी कोटी डॉलरला एडएक्स विकत घेतलं आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सांगायचा मुद्दा, पैसे भरण्याआधी फोनवरच्या माणसाला विचारा की शिकवणारे युनिव्हर्सिटीचेच शिक्षक आहेत का, तपासणार कोण, आणि गेल्या बॅचमध्ये किती जणांनी शेवटपर्यंत पूर्ण केलं. तिसऱ्या प्रश्नाला माझा काउन्सेलर म्हणाला, "मॅडम, पॉझिटिव्ह विचार करा."

कुणी घ्यावं? नोकरी आहे, घर आहे, रात्री दहा ते बारा स्वतःचे आहेत आणि ते खरंच पाळता येतात, त्यांनी जरूर. बारावी झालेल्या मुलाला पर्याय असेल तर मी नाही पाठवणार. भाचीला मी नाहीच म्हटलं. त्या वयात वर्गात शेजारी बसलेल्याकडून जे कळतं ते लाइव्ह सेशनच्या चॅटमध्ये कळत नाही, आणि एकट्याने अभ्यासाला बसायची सवय कुठून तरी आधी लागलेली असावी लागते. २०२० मध्ये जगभर शाळा-कॉलेजं बंद झाली, दीडशे कोटींच्या वर विद्यार्थी एकदम घरी बसले, तेव्हा घाईघाईत जे झालं त्यावरून लोक ऑनलाइनला नावं ठेवतात, तेही बरोबर नाही. वर्गातलं लेक्चर कॅमेऱ्यासमोर बोलणं म्हणजे दूरशिक्षण नव्हे, ते मुळापासून वेगळं बांधावं लागतं. पण त्या वर्षाचा चटका पालकांच्या मनातून अजून गेलेला नाही आणि त्यांना दोष तरी काय देणार.

स्टार कापले ते असे. अर्धा वेबकॅमच्या छळाला, अर्धा त्या फोनवाल्यांना, आणि अर्धा सपोर्टला. स्टॅटिस्टिक्स दुसऱ्या वेळी अठ्ठावन्नने सुटलं, ते तपासणारे कोण होते मला शेवटपर्यंत कळलं नाही, नाव नसतं तिथे, नुसता मूल्यांकनकर्ता क्रमांक चार. त्यांना वेगळे पाच स्टार.

सपोर्टचं म्हणजे काय, डिग्री गेल्या आठवड्यात कुरियरने आली. कागद जाड आहे, होलोग्राम आहे, ऑनलाइन असं कुठेही लिहिलेलं नाही. फक्त माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय. मेल केलाय, तिकीट नंबर आलाय, चोवीस तासांत उत्तर मिळेल म्हणून लिहिलंय, आज पाचवा दिवस.